गाव कोणतं, आडनाव काय?

माझा विषय कोणता, हे सांगता सांगता माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून इथे सुरुवातीलाच सांगून टाकते. मी इतिहास शिकवते. भारताचा नव्हे, अमेरिकेचा. त्यातही अमेरिकेतल्या शेतकरी वस्त्यांमधल्या चर्चचा. चर्च कुणी बांधलं, पाद्री कुणी नेमला, भांडण कशावरून झालं आणि भांडणानंतर इमारत कुणाच्या वाट्याला आली, हे मी शोधते. देव आहे की नाही या प्रश्नाशी माझा धंद्यापुरता संबंध नाही. छप्पर गळायला लागल्यावर बैठक कुणी बोलावली, याच्याशी आहे.

हे ऐकून नाशिकचा माणूस मान डोलावतो आणि विचारतो, "ते ठीक आहे, पण तिकडच्या लोकांना आपल्या धर्माबद्दल सांगता की नाही?" अमेरिकेचा माणूसही मान डोलावतो आणि विचारतो, "किती छान! मग ध्यान रोज करता का?" मला याद्या करायची सवय आहे. किराणा, पाहुणे, पुस्तकातली प्रकरणं, सगळ्याच्या याद्या. वैतागून एकदा मी या प्रश्नांच्या उत्तरांचीही यादी केली होती. नाही, मी ध्यान करत नाही. नाही, माझे आजोबा साधू नव्हते. हो, मला चर्चमध्ये येऊ देतात. नाही, मी बाटले नाही. शेवटची दोन उत्तरं नाशिकसाठी होती. यादीचा काही उपयोग झाला नाही. विचारणाऱ्यांना उत्तर आधीच ठाऊक असायचं, त्यांना फक्त मी ते म्हणायला हवी असायचे.

माझं माहेर पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. घराणं तीर्थपुरोहितांचं. नाशिकमध्ये गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. गंगेवर बाहेरगावचा माणूस श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन आला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय? कारण गावं वाटलेली असतात. अमुक तालुक्यातली अमुक गावं अमुक घराण्याकडे, पिढ्यान् पिढ्या. यजमानाच्या पसंतीचा प्रश्न नसतो. त्याचा पणजोबा ज्यांच्या ओट्यावर बसला, त्यांच्याच ओट्यावर त्याने बसायचं. तो मुंबईला गेला, पुण्यात फ्लॅट घेतला, दुबईला नोकरीला लागला, तरी विचारताना मूळ गाव विचारतात आणि त्यावरून त्याचा उपाध्या ठरतो. आमच्याकडे खानदेशातली काही गावं होती. ती अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, दादाकडे गेली. मुलीकडे गावं येत नाहीत. मला त्याचं दुःख नव्हतं. पौषातल्या थंडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून मंत्र म्हणायची मला कधी हौस नव्हती.

एम.ए.ला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर होता. सर यादवी युद्धाची कारणं क्रमाने लिहून द्यायचे आणि आम्ही ती क्रमाने पाठ करायचो. त्या सगळ्या कारणांमध्ये एकही माणूस रविवारी सकाळी कुठे जात होता याचा पत्ता नव्हता. ज्या घरात धर्मावर चूल पेटते आणि धर्मावरूनच भाऊबंदकी होते, तिथे वाढलेल्या मुलीला हे पटेना. तिथून मी त्या चर्चच्या मागे लागले. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि एक्क्याण्णवचा सिंहस्थ आटोपल्यावर मी निघाले. तो आटोपेपर्यंत घरातून कुणाला हलायची सोयच नव्हती.

निघताना अण्णांनी एवढीच चौकशी केली.

"तिकडे उपाध्ये असतात का गं?"

"पाद्री असतात."

"वंशपरंपरेनं?"

"नाही. गाव नेमतं."

"मग गाव काढूनही टाकत असेल," अण्णा म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले. "कठीण नोकरी."

अमेरिकेतल्या धर्मावर मी नंतर कपाटं भरतील इतकं वाचलं. याहून उपयोगी वाक्यं त्यात फार थोडी सापडली.

पदवी मिळाल्यावर मला मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेल्या एका छोट्या कॉलेजात नोकरी लागली. कॉलेज एका चर्चने स्थापन केलेलं. नेमणूक तात्पुरती. सहा वर्षांनी एक समिती बसणार आणि कायम करायचं की निरोप द्यायचा हे ठरवणार. कायम झालात की तुम्हाला कुणी हलवत नाही, आणि ज्या विषयासाठी कायम झालात तो विषय तुमच्या नावावर लागतो. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. गावं वाटून देतात म्हणजे काय, ते मी लहानपणापासून पाहत होते. अमेरिकेचा इतिहास माझ्या नावावर लागावा, एवढंच मला हवं होतं.

तिथे सगळी माणसं प्रेमळ होती. हे मी तक्रार म्हणून लिहिते आहे. पार्किंगच्या जागेवरून भरलेली बैठकसुद्धा प्रार्थनेने सुरू व्हायची, आणि नंतर जे बोललं जायचं ते कुठल्याच प्रार्थनेत बसलं नसतं, पण आवाज कुणाचा चढायचा नाही. अर्धे प्राध्यापक चर्चला जात आणि ते लपवत. उरलेले जात नसत आणि तेही लपवत. निवडणुकीच्या दिवसांत कुणी कुणाला मत कुणाला देणार हे विचारायचं नाही, पण गाडीच्या मागे चिकटवलेला कागद सगळ्यांनी वाचायचा. नाशिकमध्ये माणूस तुमच्या तोंडावर तुमचा पक्ष काढतो आणि मग चहा पाजतो. मला तीच पद्धत सोयीची वाटते. वेळ वाचतो.

माझं काम मात्र छान चाललं होतं. कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर एका चौरस्त्यावर दोन चर्च समोरासमोर उभी आहेत. पंथ एक, स्तोत्रं एक, बांधणीसुद्धा एकाच सुताराची. मध्ये दफनभूमी. ही वस्ती जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांची. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणारा माणूस म्हणजे शत्रूचा माणूस, अशी हवा झाली. तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी ठरवलं की प्रवचन इंग्रजीत करायचं आणि वेदीशेजारी अमेरिकेचा झेंडा उभा करायचा. उरलेल्या निम्म्यांनी ठरवलं की देवाशी जर्मनमध्येच बोलायचं, आणि रस्त्यापलीकडे दुसरं चर्च बांधलं. चुलतभाऊ चुलतभावाशी बोलेनासा झाला. दोन्हीकडच्या बैठकांची इतिवृत्तं मी वर्षानुवर्षं वाचत होते. जर्मन मी त्यासाठीच शिकले.

मग २००१ चा सप्टेंबर आला, जुळे मनोरे कोसळले. त्यानंतर प्रत्येक खिडकीत झेंडा होता, आणि तो का, हे मला समजत होतं. माझ्या वर्गातल्या मुलांची माणसं सैन्यात होती. पण त्या दिवाळीच्या सुमारास मी शहरातल्या वाचनालयात या दोन चर्चवर व्याख्यान दिलं आणि वेदीशेजारचा झेंडा कधी आला, कुणाच्या भीतीने आला, ते इतिवृत्तातून वाचून दाखवलं. त्यावर एका विद्यार्थिनीच्या आईने कॉलेजच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. आमचा झेंडा आमच्या चर्चमध्ये कधी आला हे आम्हाला सांगणारी ही बाई कोण?

हा प्रश्न मला रास्त वाटला. उत्तरही तयार होतं. ही बाई म्हणजे ती, जिने तुमची इतिवृत्तं वाचली. पण मला कुणी उत्तर देऊ दिलं नाही. आमचे विभागप्रमुख साठीतले, उंच, मृदू बोलणारे. त्यांचा जन्मही त्याच परगण्यातला. त्यांनी मला खोलीत बोलावून स्वतः कॉफी आणून दिली.

"आम्हाला तुमची काळजी वाटते," ते म्हणाले.

"मला नाही वाटत."

"थोड्या काळासाठी तुम्ही भारतातल्या धर्मांचा वर्ग घ्यावा असं वाटतं. तिथे तुमच्या अधिकाराबद्दल कुणी शंका घेणार नाही."

"पण त्या विषयात माझा अभ्यास नाही."

ते हसले. विनय आहे असं त्यांना वाटलं. थोड्या काळासाठी खणलेला रस्ता आमच्याकडे किती काळ खणलेला राहतो हे मला माहीत होतं. तरी मी वर्ग घेतला. रात्री जागून उपनिषदांची भाषांतरं वाचली, सकाळी ती शिकवली, आणि मुलांनी लिहून दिलं की बाईंच्या तोंडून ऐकताना अनुभव जाणवतो.

समितीचं वर्ष २००३ होतं आणि नाशिकचा पुढचा सिंहस्थही नेमका त्याच वर्षी. विभागप्रमुखांनी ते वर्तमानपत्रात वाचलं आणि मला सुचवलं: विद्यार्थ्यांना घेऊन आपण नाशिकला जाऊ, तुम्ही नेतृत्व करा, समितीवर चांगला परिणाम होईल. मी नाही म्हटलं असतं तर वाईट परिणाम झाला असता, हे त्यांनी म्हटलं नाही. प्रेमळ माणसं तसं म्हणत नाहीत.

मी याद्या केल्या. पाण्याच्या बाटल्या, जुलाबाच्या गोळ्या, सहज निघणाऱ्या चपला, खांदे झाकणारे कपडे. न विचारायच्या प्रश्नांचीही यादी मुलांना दिली. त्यातला पहिला प्रश्न, तुमची जात कोणती? त्यांनी पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याला तोच विचारला. तो म्हणाला, "आधी मीटरचं बोला."

नाशिक फुलून गेलं होतं. घाटाच्या रस्त्यावर स्वागताचे फलक, आणि फलकांवर हात जोडलेले हसरे चेहरे, देवांपेक्षा मोठे. एका मुलीने आदराने विचारलं, "हे सगळे संत आहेत का?"

"नाही. हे पुढच्या निवडणुकीचे इच्छुक उमेदवार आहेत," मी म्हटलं. "वेदीशेजारचा झेंडा आठवतो का? हे लिहून घ्या. हाच आपला विषय आहे."

तिने मान हलवली आणि वहीत लिहिलं, किती रंग!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना आमच्या ओट्यावर घेऊन गेले. वहिनीने पोहे केले होते. मुलांनी ते खाल्ले, आणि दादाने विभागप्रमुखांसाठी सतरंजी अंथरली. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरचे काका उठले. त्यांचं आणि आमचं घराणं दोन पिढ्यांपासून एकमेकांचे यजमान पळवल्याचे आरोप करत आलं आहे.

"हे गोरे यजमान तुमच्याकडे कसे?" काका म्हणाले. "विलायत आमच्याकडे आहे."

"विलायत? कधीपासून?" दादा म्हणाला.

"आमच्या पणजोबांनी कलेक्टरच्या मडमेला गंगेची ओटी भरायला लावली होती. लिहिलेलं आहे."

"असेल. हे अमेरिकेचे आहेत."

"मूळ विचार ना. मूळ गाव विचार! एवढंही शिकवलं नाही का अण्णांनी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी विभागप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, आमचे पूर्वज जर्मनीचे.

"बघ," काका म्हणाले, "जर्मनी म्हणजे विलायतेच्या शेजारी."

"शेजारी म्हणून घेणार? मग जळगावच्या शेजारी धुळं आहे, तेही घ्या! बुलढाणा घ्या!"

आजूबाजूला बघे जमले. मुलांनी कॅमेरे काढले. विभागप्रमुख मला सारखे विचारत होते, काय चाललंय? मी सांगितलं, तुम्ही कुणाचे यावरून भांडण चाललंय. त्यांचा चेहरा उजळला. मला वाटतं, त्यांच्या कॉलेजात त्यांच्यावरून असं कधी कुणी भांडलं नसावं.

शेवटी अण्णा बोलले. ते तेव्हा थकले होते, भिंतीला टेकून बसलेले असत. "हा माणूस माझ्या मुलीच्या कॉलेजातला आहे. मुलीच्या माहेरी आला आहे. म्हणून आमच्याकडे."

"मुलीकडून हक्क येतो, हे कधीपासून?" काकांनी विचारलं.

"आजपासून," अण्णा म्हणाले.

काका कपाळावर हात मारून खाली बसले. माझ्यामुळे कुणीतरी आमच्या ओट्यावर बसायची ती पहिलीच वेळ. मला बरं वाटलं, हे नाकारत नाही.

दादाने यजमानांच्या पिढ्या नोंदवायची वही उघडली. धार्मिक विधी काही करायचा नव्हता, विभागप्रमुखांना फक्त आपली नोंद करून हवी होती. वडिलांचं नाव? त्यांनी सांगितलं. आजोबांचं? तेही सांगितलं. पणजोबांचं? ते थांबले. आठवेना. फारच ओशाळले. "आमच्याकडे इतकं मागचं कुणी सांगत नाही," ते म्हणाले.

मी सांगितलं. पणजोबांचं नाव, ते कुठल्या साली त्या चौरस्त्यावर आले ते, त्यांच्या दोन्ही बायकांची नावं. हे सगळं माझ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात आहे, कारण त्या प्रकरणाचे नायकच हे पणजोबा. चर्चची वाटणी झाली त्या बैठकीत भांडण दफनभूमीवर आलं, तेव्हा हाच माणूस उठून म्हणाला होता, "चर्च हवं तर चार करा. मढी वाटायची नाहीत." पुस्तकाचं हस्तलिखित विभागप्रमुखांच्या टेबलावर दोन वर्षं पडून होतं.

दादाने देवनागरीत नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. विभागप्रमुखांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी अण्णांचे पाय धरले. मग गंगेकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"अद्भुत," ते मला म्हणाले. "पृथ्वीच्या या टोकाला, एका नदीच्या काठी, माझ्या पणजोबांचं नाव मिळालं."

"मी सांगितलं ते," मी म्हटलं. "चौथ्या प्रकरणात आहे."

"हो, हो," ते म्हणाले. "पण इथे मिळालं!"

माझी समिती तिथेच, पोह्याच्या ताटल्यांमध्ये निकालात निघाली, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

परत गेल्यावर विभागप्रमुखांनी ही गोष्ट सगळ्या कॉलेजला सांगितली. चर्चमध्ये सांगितली. माजी विद्यार्थ्यांच्या जेवणात सांगितली. प्रत्येक वेळी नदी रुंद होत गेली आणि मी अरुंद होत गेले. शेवटी शेवटी त्या गोष्टीत एक वृद्ध पुजारी डोळे मिटून पणजोबांचं नाव सांगत असे. अण्णांना हे फोनवर कळवलं तर ते म्हणाले, "डोळे मिटून? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणावं, चांगलं दिसतं."

मग समिती बसली. प्रार्थना झाली. विभागप्रमुखांनीच निकाल सांगितला, आणि इतक्या आनंदाने सांगितला की मी आधी खूशच झाले. मला कायम केलं होतं. एकमताने. फक्त पदाचं नाव बदललं होतं. यापुढे मी भारतीय धर्मांची प्राध्यापक. दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना नाशिकला न्यायचं. अमेरिकेच्या इतिहासाचे वर्ग एका तरुण माणसाकडे जाणार होते. तो त्याच परगण्यातला, चौरस्त्यावरच्या इंग्रजी चर्चचा.

"माझं पुस्तक कुणी वाचलं का?" मी विचारलं.

समितीत रसायनशास्त्राच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मी प्रस्तावना वाचली. तुमच्या वडिलांबद्दलचा भाग फार हृद्य आहे." प्रस्तावनेत अण्णांवर दोन ओळी होत्या.

"चौथं प्रकरण?"

विभागप्रमुख समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तुम्ही घाटावर जशा होता, तसं मी तुम्हाला इथे कधी पाहिलं नव्हतं. त्या तुम्ही खऱ्या होता."

मी बैठकीत फारसं बोलत नाही. मुद्दे कागदावर नेते, तेवढेच मांडते. त्या दिवशी कागदावर काही नव्हतं.

"घाटावर तुम्हाला काय विचारलं, ते आठवतं?" मी म्हटलं. "गाव कोणतं, आडनाव काय. तुमचा जन्म इथला, आयुष्य इथलं, पण त्यांनी तुम्हाला जर्मनीत धाडलं. माणसाने मध्ये काय केलं हे तिथे विचारत नाहीत. तुम्ही मला सहा वर्षं तेच विचारता आहात."

"पण ते किती सुंदर होतं," ते खरोखर गोंधळून म्हणाले.

"कारण तुम्ही शुक्रवारी विमानात बसणार होता. जो तिथे राहतो त्याला त्या एका गावावर जन्म काढावा लागतो."

"पण तुम्ही ते शिकवता इतकं छान..."

"आमचा दादा याहून छान शिकवील. त्याला बोलवा."

मला विचाराला आठवडा दिला. मी घरी जाऊन कागदाचे दोन भाग केले. डावीकडे होकाराची कारणं: पगार, विमा, निवृत्तिवेतन, घराचे हप्ते, ग्रंथालय. उजवीकडे एकच. मी तो कागद फ्रिजवर लावून ठेवला आणि येताजाता वाचत राहिले, म्हणजे डावीकडची बाजू जिंकेल. आठवडाभर ती जिंकत होती. मग दादाचा फोन आला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? शिकव की हिंदू धर्म. घरचाच विषय!"

"दादा, तुला उद्या कुणी म्हणालं, तुझी खानदेशातली गावं सोड आणि आयुष्यभर घाटावर फक्त अमेरिकन फिरव, तर?"

तो गप्प झाला. मला वाटलं, पटलं.

"वर्षाला साधारण किती येतील?" त्याने विचारलं.

मी फोन ठेवला आणि फ्रिजवरचा कागद काढून फाडला. ज्या यादीचा निकाल आपल्याला मान्य होणार नाही ती यादी करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला. विभागप्रमुखांना अतोनात वाईट वाटलं. त्यांनी निरोपाची पार्टी दिली आणि मला गणपतीची मूर्ती भेट दिली.

नाशिकला परतले तेव्हा माझ्याबरोबर इतिवृत्तांच्या झेरॉक्सची खोकी होती. वहिनीने विचारलं, "ताई, यात भांडी आहेत का?" नातेवाइकांनी हळहळ व्यक्त केली आणि मग प्रत्येकाने आपापलं कारण ठरवलं. तिकडे धर्मांतराचा दबाव आला असणार. तिकडे काळ्या-गोऱ्याचा भेद असणार. काढूनच टाकलं असणार. मी स्वतःहून सोडलं, आणि विषयासाठी सोडलं, हे कारण कुणाच्याच यादीत नव्हतं. एका संस्थेने तर भाषणाचं निमंत्रणच छापून टाकलं, विषय "अमेरिकेत आपल्या संस्कृतीचा विजय". मी फोन करून सांगितलं की असा काही विजय माझ्या पाहण्यात नाही. ते म्हणाले, "मॅडम, थोडं आपल्या बाजूनं बोला की."

एका कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. म्हणजे घ्याल त्या तासाचे पैसे, बाकी काही नाही. विषय मात्र एम.ए.चा तोच जुना पेपर, अमेरिकेचा इतिहास. प्राचार्यांनी मला वर्गावर नेलं आणि ओळख करून दिली: "या मॅडम बारा वर्षं अमेरिकेत आपला धर्म शिकवत होत्या." मी दुरुस्ती करेपर्यंत ते गेले होते.

वर्गात देवळा, पेठ, लासलगाव अशी सगळीकडची मुलंमुली होती. रोज एसटीने येणारी. हातात बाजारातली गाइडं. यादवी युद्धाची कारणं अजून त्याच क्रमाने होती. मी म्हटलं, गाइडं ठेवा. आणि फळ्यावर एक चौरस्ता काढला, दोन चर्च काढली, मध्ये दफनभूमी. सगळं सांगितलं. युद्ध, भाषा, झेंडा, रस्त्यापलीकडचं चर्च, एकमेकांशी न बोलणारे चुलतभाऊ. मला वाटलं, पहिल्यापासून सुरू करावं लागणार. पंथ म्हणजे काय, पाद्री म्हणजे काय.

"मॅडम, हे आमच्या गावासारखंच हाय," मागून देवळ्याचा एक विद्यार्थी म्हणाला. "ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आन् गावात दोन सप्ते बसायला लागले. मारुती एकच. याचा कीर्तनकार अलग, त्याचा अलग. दोन्हीकडं लाउडस्पीकर."

"आन् पंगत?" दुसऱ्याने विचारलं.

"पंगत पण दोन. आम्ही दोन्हीकडं जेवतो."

वर्ग हसला. पहिल्या बाकावर एक लग्न झालेली मुलगी बसली होती, देवळ्याकडचीच, सासर सांभाळून शिकणारी. ती हसली नाही. फळ्याकडे बघत होती.

"मॅडम, मग मसणवट कुणाकडं गेली?"

सहा वर्षं, एक समिती, एक अध्यक्ष, एक विभागप्रमुख. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खडू बदलला.

"कुणाकडेच नाही," मी म्हटलं. "एक माणूस उठला आणि म्हणाला, मढी वाटायची नाहीत. दोन्ही बाजूंनी ऐकलं. पण गवत कोण कापणार, यावर एकमत झालं नाही. मग यांनी इकडून निम्म्यापर्यंत कापायचं, त्यांनी तिकडून. कापता कापता दुसऱ्याच्या बाजूला हात जायला नको, म्हणून दोघेही थोडं अलीकडेच थांबायचे. मध्ये एक पट्टा कुणीच कापत नाही. मी पाहिला तेव्हा कमरेएवढं गवत होतं."

"म्हंजे बांधच पडला," ती म्हणाली. "आन् त्या पट्ट्याखाली पुरलेलं कोण हाय?"

चौथ्या प्रकरणात हे नाही. पाचव्यातही नाही. कबरींच्या नकाशाची झेरॉक्स घरी तिसऱ्या खोक्यात होती आणि तो नकाशा मी पट्ट्याच्या अंगाने कधी वाचला नव्हता.

"उद्या बघून सांगते," मी म्हटलं.

"लिहून ठेवा मॅडम," मागचा म्हणाला, "नाय तर इसराल."

मी पर्समधून यादीचा कागद काढला. भाजी, विजेचं बिल, वहिनीची गोळी, याखाली लिहिलं, पट्ट्याखाली कोण. तेवढ्यात शिपाई दारात आला. "मॅडम, प्राचार्य सरांनी बोलावलंय. संस्कृतीच्या भाषणाचं काय ते विचारतायत. त्या संस्थेचे पाहुणे येऊन बसलेत."

"त्यांना सांगा, तास चालू आहे."

"काय सांगू, कशाचा?"

"अमेरिकेच्या इतिहासाचा," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.